नाव एक, वॅट वेगळे

लॅपटॉप गरम का होतो, हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात. डॉक्टर दिसला की लोक जीभ बाहेर काढतात, तसे मी दिसले की बॅगेची चेन उघडतात. दुरुस्तीचं दुकान बंद करून बरीच वर्षं झाली, पण सवय जात नाही, त्यांचीही आणि माझीही. समोर कुठलंही मशीन आलं की त्याच्या पोटाला उलटा हात लावून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

परवा भाचा आला होता. इंजिनिअरिंगला आहे. हट्ट करून गेमिंगचा लॅपटॉप घेतलाय आणि आता तोंड पाडून बसलाय. म्हणाला, "मावशी, माझ्यात आणि रूममेटच्यात ग्राफिक्स कार्ड सेम आहे. नाव सेम, आकडा सेम. मग त्याचा गेम पळतो आणि माझा अडखळतो, असं का?"

मी म्हटलं, "नाव एक असलं म्हणून खुराक एक असतो का रे? आपल्या वस्तीतही एकाच नावाची दोन पोरं आहेत. एक तीन भाकरी खातो, एक अर्धी." त्याला हे पटलं नाही, तेव्हा नीट सांगितलं. कंपनी एकच चिप जाड लॅपटॉपात बसवते आणि सडपातळ लॅपटॉपातही बसवते. जाड्यात मोठे पंखे असतात, वीज पुरवणारा अडॅप्टर मोठा असतो, म्हणून तिथे चिपला जास्त वॅट खायची परवानगी देतात. सडपातळ अंगात उष्णता बाहेर जायला वाट नसते, म्हणून तिथे तीच चिप अर्धपोटी ठेवतात. खोक्यावर चिपचं नाव ठळक असतं. वॅटचा आकडा बारीक अक्षरात असतो, नाहीतर नसतोच.

सगळं ऐकून भाचा म्हणाला, "मग ती मर्यादा काढून टाकता येते का?" आणि मला रामदासची आठवण झाली.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटची. नागापूर एमआयडीसीच्या अलीकडे विठ्ठलमामांचं मोटर वायंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढायची, नवी भरायची, वार्निश पाजून भट्टीत वाळवायची, असं ते काम. मामा माझे सख्खे मामा नव्हेत. माझे वडील एमआयडीसीत हेल्पर होते, त्यांची आणि मामांची ओळख. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि नगरमधल्या संगणकाच्या दुकानांत काम मागत फिरले. सगळीकडे उत्तर ठरलेलं, "मॅडम, तुम्ही काउंटरला बसा, फोन घ्या." हातात स्क्रू ड्रायव्हर द्यायला कोणी तयार नव्हतं. मामांनी काही विचारलं नाही. दुकानाचा एक कोपरा झाडून तिथे टेबल टाकलं आणि म्हणाले, "बस हितं. वास लई येतो वार्निशचा, तेवढं सोस."

आम्ही बौद्ध वस्तीतले, मामा मोठ्या शेतकरी घरातले. दुकानात चहाची एक किटली होती आणि चार कप. पहिल्या दिवशी मामांनी स्वतः चहा ओतला, आपल्या पिण्यातला कप माझ्यापुढे ठेवला आणि दुसरा कप स्वतः घेतला. त्या विषयावर आमचं पुढे कधीही बोलणं झालं नाही, व्हायची गरजही पडली नाही. मी आयुष्यात पुष्कळ लोकांची देणी लागते, त्यात सगळ्यात वर तो कप आहे.

दुकानाच्या पाटीवर मामांनी रंगाऱ्याकडून लिहून घेतलं, "येथे मोटार, पंप व संगणक दुरुस्त होतील." त्यामुळे गिऱ्हाईकं गमतीदार यायची. एक आजोबा पंप भरून होईपर्यंत माझ्या टेबलाशी उभे राहिले आणि उघडलेल्या संगणकाकडे बघून फार काळजीने म्हणाले, "बाई, ह्यात तार किती किलो बसती?"

तिथे बसून मी जे शिकले ते डिप्लोम्याच्या पुस्तकात होतं, पण पुस्तकातून ते अंगात भिनलं नव्हतं. शेतातल्या पंपाच्या स्टार्टरमध्ये एक छोटा रिले असतो. मोटार झेपेल त्याहून जास्त करंट ओढायला लागली की तो रिले पंप बंद पाडतो. मोटार वाचावी म्हणूनच तो ठेवलेला. पण शेतकऱ्याला वाटतं, हा आपला वैरी. लाइट आधीच चार तास येणार, त्यात व्होल्टेज कमी, आणि हा मध्येच पंप पाडणार! मग कोणी रिलेचा काटा शेवटपर्यंत फिरवून ठेवी, कोणी त्यात काडेपेटीची काडी खुपसून तो अडकवून टाकी. पंप चालू राही, वाफा भिजे आणि आठवड्याने मोटार बैलगाडीतून नाहीतर टेम्पोतून मामांच्या दारात येई. मामा उलटा हात लावत, वाकून वास घेत आणि विचारत, "काडी काढून आनली का अजून आतच हाय?" माणूस खाली बघे. मामांचं एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणून दाखवीन, "मोटार जळत न्हाई पोरी, जाळली जाती." उलटा हात लावायचं कारणही त्यांनीच सांगितलं होतं. शॉक बसला तर बोटं आत मिटतात. सुलटा हात मशीनला घट्ट धरून ठेवतो, उलटा हात सुटतो.

अशा दुकानात एप्रिलच्या एका दुपारी रामदास आला.

रामदास मूळचा घोडेगावचा. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो साच्यांची ड्रॉइंगं काढायचा. हात चांगला म्हणून नाव होतं. नोकरी सोडून त्याने एक छोटा गाळा भाड्याने घेतला होता, त्यात पोलाद कोरायचं एक जुनं मिलिंग मशीन, आणि ड्रॉइंगसाठी मुंबईहून आणलेला वापरलेला लॅपटॉप. साचा म्हणजे काय, ते दिवाळीच्या दिवसांत सांगायला सोपं आहे. करंजीचा साचा आठवा, दोन भाग मिटणारा. तोच पोलादाचा करा, आत पिठाऐवजी वितळलेलं प्लॅस्टिक. ते लवकर थंड व्हावं म्हणून पोलादातून पाण्याच्या नळ्या काढतात, आणि वस्तू सुटून यावी म्हणून मागून पिना तिला ढकलतात. एका मोठ्या कारखान्याला गाडीच्या बॅटरीवरच्या झाकणाचा साचा हवा होता. रामदासला ते काम मिळालं तर गाळा टिकणार होता. नाही मिळालं तर पुन्हा जुन्या मालकाच्या दारात उभं राहायचं, आणि तो मालक घेईलच असं नाही. पुढच्या आठवड्यात कारखान्याच्या साहेबांना लॅपटॉपवर साचा फिरवून दाखवायचा होता.

त्याने बॅगेतून लॅपटॉप काढला तो एका ओल्या फडक्यात गुंडाळलेला. मी दचकून विचारलं, "पावसात भिजला का?"

"न्हाई ताई, पाऊस कुठला. तापतो म्हनून गुंडाळलाय. आमच्याकडं उन्हाळ्यात मोटारीवर वलं पोतं टाकत्यात ना, तसं. म्हटलं ह्याला पोतं जड व्हईल, म्हनून मऊ धोतराचं फडकं घेतलं."

मामा मागून खोकल्यासारखं हसले. मी मुकाट्याने फडकं सोडलं. लॅपटॉपच्या बाजूला आणि पोटाला ज्या फटींतून गरम हवा बाहेर पडायची, त्या सगळ्या त्याने प्रेमाने बुजवून टाकल्या होत्या. आत पाणी गेलं नव्हतं हे त्याचं नशीब. मी मशीन उघडलं, पंख्यातली धूळ काढली, चिप आणि तिच्यावरचा धातूचा पत्रा यांच्यातली सुकलेली पेस्ट खरवडून नवी लावली. फरक पडला, पण पुरता नाही. त्याचा साचा रंगीत, भरीव होऊन पडद्यावर ऐटीत फिरायला लागायचा आणि चहा संपेस्तोवर रांगायला लागायचा. माउस हलवला तरी तो आपल्या मर्जीने वळायचा.

"पन ताई, आमच्या जुन्या कंपनीत मोठा कॉम्प्युटर हुता, त्याच्यात हीच चिप हुती. नाव वाचूनच मी हा घेतला. कुन्या परदेशातल्या पोरानं खेळायला घेतलेला हाय, म्हंजे पळनार, असं वाटलं."

मग मी त्याला तेच सांगितलं जे परवा भाच्याला सांगितलं. मोठ्या कॉम्प्युटरात त्या चिपला ऐसपैस जागा होती. इथे तिला दोन बोटं जाडीच्या डब्यात कोंबलंय. चिपशेजारी उष्णता मोजणारा एक बारीक मणी असतो. तो तापला की मशीन स्वतःच चिपचा वेग उतरवतं. बिघाड काही नाही, ते तसंच बनवलेलं आहे.

रामदास हुशार माणूस. लगेच म्हणाला, "म्हंजे स्टार्टरमधला रिले."

"बरोबर."

"मग त्या मन्याला फसवा ना."

फसवता येत होतं, तेच तर अवघड होतं. त्या मण्याच्या जागी एक साधा रेझिस्टन्स डकवला असता तर मशीनला कायम वाटलं असतं, बाहेर डिसेंबर आहे. पाच मिनिटांचं काम. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, एका दिवसापुरतं करा. मी म्हटलं, एप्रिलमध्ये एक दिवस पुष्कळ होतो. त्याचा आवाज चढला. "माझं पोट हाय त्याच्यावर. तुमाला काय, तुमी टेबलावर बसून न्हाई म्हनताय. पुन्यात लोक करून देत्यात."

मला वाईट वाटलं आणि रागही आला. पोट माझंही त्याच टेबलावर होतं. एक गिऱ्हाईक नाराज होऊन गेलं की दहा ठिकाणी सांगतं, आणि "बाईला जमलं नाही" हे वाक्य एमआयडीसीत वाऱ्याच्या वेगाने फिरलं असतं. मामा तार गुंडाळत होते, त्यांनी मान वर न करता सांगितलं, "घेऊन जा रामदास. जळाली की हितंच आन, वास मी घेतो."

तो तणतणत गेला. स्कूटरला किक मारल्याचा आवाज आला, पण गाडी पुढे गेल्याचा येईना. थोड्या वेळाने तो परत आत आला आणि स्टुलावर बसला. म्हणाला, "थोरल्या भावाची मोटार मामांनी एका उन्हाळ्यात दोनदा भरली. काडी मीच घातली हुती." मामांनी किटली त्याच्याकडे सरकवली.

आता करायचं काय? मी त्याला म्हटलं, साहेबांना जसं दाखवणार तसं मला दाखवा. त्याने साचा रंगवून, चकाकी देऊन, गोल गोल फिरवत ठेवला आणि बोलायला लागला. म्हणजे तो बोलत असताना, साहेब विचार करत असताना, सगळा वेळ चिप धावतच राहणार. ड्रॉइंगच्या त्या प्रोग्रॅममध्ये आणखी एक सोय होती. रंग काढून टाकला की साचा नुसत्या रेघांचा दिसायचा, आरपार, सांगाड्यासारखा. रेघा फिरवायला चिपला फार कष्ट पडत नाहीत. मी सुचवलं, फिरवायचं तेव्हा सांगाडा फिरवा. थांबलात की रंग भरा. रंग दिसला की हात माउसवरून काढा आणि बोला, तेवढ्यात मशीन दम खाईल.

रामदासचा चेहरा पडला. "ताई, सांगाडा आपल्यापुरता असतो. पाव्हन्यासमोर लेकाला न्हाऊ-माखू न घालता उभं केल्यासारखं व्हईल."

"लेकरू मध्येच चक्कर येऊन पडण्यापेक्षा बरं."

पुढचे काही दिवस तो रोज दुपारी यायचा. तांब्याच्या गुंडाळ्यांमध्ये बसून तालीम व्हायची, साहेबाचं काम मामा करायचे. त्यांना साच्यातलं काही कळत नव्हतं, पण साहेब कसा गप्प बसतो ते बरोबर माहीत होतं. मी वायंडिंगचे दोन जुने लाकडी ठोकळे लॅपटॉपच्या मागच्या कडेखाली ठेवले, म्हणजे पोटाखालून वारा खेळेल. तेवढ्यानेही बरीच मिनिटं जास्त मिळाली. गेमिंगच्या लॅपटॉपखाली हल्ली निळे दिवे लावलेले स्टँड विकतात, ते बघितले की मला ते ठोकळे आठवतात.

ठरलेल्या दिवशी रामदास म्हणाला, तुम्हीही चला. मामांनी मला घरी जाऊन साडी बदलायला लावली आणि ठोकळ्यांना पॉलिश मारून दिलं.

कारखान्याच्या मीटिंगच्या खोलीत तिघं साहेब होते. बोलणारे एकच, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "या कोण?" रामदास म्हणाला, "आमच्या इंजिनिअर." हा शब्द माझ्यासाठी त्याआधी कोणी वापरला नव्हता. मी ठोकळे लावायच्या निमित्ताने वाकले, कारण चेहऱ्यावर काय उमटलं असेल त्याचा भरवसा नव्हता.

सुरुवात छान झाली. रामदास सांगाडा फिरवी, थांबे, रंग भरे, हात मागे घेई. मी लॅपटॉपच्या बाजूला उलटा हात धरून बसले होते. गरम होता, पण सोसवेल इतका. तिसऱ्यांदा सांगाडा वळला तेव्हा साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"थांबा. मागे घ्या. अजून थोडं. ही पिन पाण्याच्या नळीतून जाते का?"

रामदासने बघितलं. मीही बघितलं. मला साच्यातलं फारसं कळत नव्हतं, पण दोन रेघा एकमेकींत घुसलेल्या कोणालाही दिसल्या असत्या. कोपऱ्यातली एक ढकलणारी पिन सरळ पाण्याच्या नळीला भोक पाडून चालली होती. तसा साचा तयार झाला असता तर पहिल्याच दिवशी त्यातून पाणी गळलं असतं, आणि पोलादाचा तो ठोकळा भंगारात गेला असता. रंग भरलेला असताना ही चूक दिसणं शक्य नव्हतं. पिन आणि नळी दोन्ही पोलादाच्या आत, आणि वरून सगळं चकचकीत.

रामदासच्या मानेवरून घाम उतरताना मला दिसत होता. मला वाटलं, आता हा काहीतरी सारवासारव करेल. हे कच्चं ड्रॉइंग आहे म्हणेल, नाहीतर लॅपटॉपवर ढकलेल, आणि लॅपटॉप म्हणजे मी.

"जाते साहेब," तो म्हणाला. "चुकलंय माझं. नळी अलीकडं घ्यावी लागेल."

"किती वेळ लागेल?"

"उद्या दुपारी आणून दाखवतो."

साहेब बराच वेळ त्या दोन रेघांकडे बघत राहिले. मग शेजारच्याला म्हणाले, "पुण्याच्या पार्टीनं काल आपल्याला काय दाखवलं? नुसता सिनेमा. आत काय आहे ते आपणही विचारलं नाही." आणि रामदासकडे वळून, "तुम्ही उघडा सांगाडा कसा काय दाखवलात? कोणी दाखवत नाही."

एखाद्याने इथे मोठं उत्तर दिलं असतं, की आमची कामाची पद्धतच पारदर्शक आहे वगैरे. रामदास म्हणाला, "साहेब, आमच्या मशीनला तेवढंच झेपतं."

साहेब हसले. मोठ्याने नाही, पण चष्मा काढून हसले. "उद्या दुपारी या," ते म्हणाले. "नीट झालं असेल तर काम तुमचं."

दुसऱ्या दिवशी ते नीट झालं आणि काम त्याचं झालं. त्या गाळ्याचे पुढे दोन गाळे झाले. एमआयडीसीत ज्याला त्याला तो सांगत सुटला, कॉम्प्युटर तापला तर वायंडिंगवाल्याकडच्या इंजिनिअर ताईंकडे न्या. माझं टेबल कोपऱ्यातून दर्शनी भागात आलं ते त्याच वर्षी, आणि त्यानंतर कोणी मला फोन घ्यायला बसवलं नाही. मामा आज नाहीत. त्यांना मी आभार मानण्यासारखं कधी काही बोलले नाही, तशी आमच्याकडे रीतही नव्हती, पण आता लिहायला बसल्यावर ते राहून गेल्याची रुखरुख लागते. भाच्याला मी एवढंच म्हटलं, मर्यादा काढता येते बाबा, पण ती काढल्यावर तुझ्या हातात काय उरेल ते आधी बघ. त्याने मान डोलावली, कितपत ऐकलं ते त्याचा लॅपटॉपच सांगेल.

पण त्या दिवशी हे पुढचं काहीच माहीत नव्हतं. साहेबांची खोली सोडून आम्ही बाहेर आलो. गेटाशी झाडाची सावली नव्हती, डांबर मऊ झालं होतं. रामदासने लॅपटॉपची बॅग छातीशी धरली होती, लहान लेकरू धरावं तशी. स्कूटरपाशी येऊन तो थांबला.

"ताई, तुमी तो मनी फसवला असता तर आज मी पूर्न वेळ रंगीतच फिरवला असता."

"हो."

"कुनाला दिसलं नसतं. आन काम मिळालं असतं."

"मिळालं असतं."

"आन मग मी तसंच पोलाद कापलं असतं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम फुटला. भर रस्त्यात, ये-जा करणाऱ्या कामगारांसमोर, तो हमसून हमसून रडायला लागला. मी त्याच्या हातातली बॅग घ्यायला गेले, तर बॅग चटका बसेल इतकी तापलेली. लॅपटॉप त्याने बंदच केला नव्हता.

"रामदासभाऊ, आधी हा बंद करा."

त्याने डोळे पुसले, स्कूटरच्या सीटवर लॅपटॉप उघडला आणि बंद केला. त्या वेळची मशीनं बंद व्हायलाही वेळ घ्यायची. आतला पंखा घरघरत होता. आम्ही दोघं त्या उन्हात, एकमेकांकडे न बघता, तो थांबेपर्यंत उभे राहिलो.